गाडीचे ‘टायमिंग’ बिघडते म्हणजे काय?

बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे निघालेली शंभर सीसीची, आठ-दहा वर्षे वापरलेली मोटारसायकल डोळ्यांसमोर आणा. मागे एक माणूस बसलेला आहे, टाकीवर बोचके आहे. सपाट रस्त्यावर गाडी निमूटपणे धावते. चढ लागला की ती ओढेनाशी होते, इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागते आणि घाटमाथा जवळ आला की ती बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे सावलीत उभी केली की पुन्हा एका किकमध्ये सुरू होते. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये जाते. कारागीर गाडी थोडी फिरवून पाहतो आणि निदान करतो, ‘टायमिंग गेलंय. सीडीआय टाकावा लागेल.’ नवा सीडीआय बसतो, पैसे जातात आणि आठवड्याने गाडी त्याच घाटात पुन्हा उभी राहते.

हा अनुभव केवळ बीडचा नाही. पुण्या-मुंबईतील दुचाकीस्वारांनाही तो परिचयाचा आहे. परंतु बीड जिल्ह्यात त्याची किंमत अधिक मोजावी लागते. परळी वैजनाथचा अपवाद वगळता हा जिल्हा दीर्घकाळ रेल्वेपासून दूर राहिला. आष्टीपर्यंत गाडी आली ती २०२२ मध्ये आणि प्रत्यक्ष बीड शहरात रेल्वे पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. त्यामुळे इथला सारा व्यवहार रस्त्यावरच वाढला. बालाघाटच्या डोंगररांगेमुळे धारूर, मांजरसुंबा येथील घाट रोजच्या प्रवासात आले. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी लाखो मजूर जिल्ह्याबाहेर पडतात, तेव्हा अनेक कुटुंबांबरोबर मोटारसायकलही जाते. दवाखाना, मुकादमाकडची खेप, गावाकडचे निरोप या साऱ्यांचा भार तिच्यावर असतो. अशा माणसाच्या दृष्टीने चुकीचे निदान म्हणजे बुडालेली मजुरी असते. म्हणूनच ‘टायमिंग’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत ते खरोखर बिघडले आहे की नाही हे कसे ओळखायचे, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

ठिणगी आधी का पडते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. पेटलेल्या वायूच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. वरवर पाहता पिस्टन अगदी वर पोहोचला की ठिणगी पडावी, असे वाटते. प्रत्यक्षात तसे केले तर उशीर होतो. कारण मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरण्यास सेकंदाचा काही सहस्रांश भाग लागतो. तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट बराच फिरलेला असतो. वायूचा सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून नुकताच खाली निघाला असताना मिळाला, तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो. त्यासाठी पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थानाला कारागीर ‘टीडीसी’ म्हणतात. ठिणगी त्याच्या किती अंश आधी पडते, ते म्हणजे इग्निशन टायमिंग.

हे अंश किती सूक्ष्म असतात, याचा हिशेब सोपा आहे. मोटारसायकल उभ्या उभ्या मिनिटाला १४०० फेऱ्यांनी चालत असेल, तर क्रँकशाफ्टला एक अंश फिरण्यास सेकंदाचा ८,४०० वा भाग लागतो. तीच गाडी ६००० फेऱ्यांनी पळू लागली की एका अंशासाठी सेकंदाचा केवळ ३६,००० वा भाग मिळतो. ज्योतीला पसरण्यास लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून इंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते. लहान मोटारसायकलींत साधारणतः संथ वेगाला दहा-पंधरा अंश आणि जोरात पळताना तीस अंशांच्या आसपास ठिणगी आधी पडते. प्रत्येक इंजिनाचा अचूक आकडा त्याच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

‘पॉइंट’ गेले, शब्द राहिला

जुन्या राजदूत, येझदी किंवा बुलेटच्या मालकांना हे काम डोळ्यांनी दिसत असे. मॅग्नेटच्या आत किंवा बाजूला एक ‘पॉइंट’ असे. तो उघडला की ठिणगी पडे. पॉइंट झिजत, त्यांच्यावर काजळी धरे, त्यांच्यातील अंतर बदले आणि त्याबरोबर टायमिंगही सरके. मग कारागीर फिलर गेज घालून अंतर पाही, पाटीचा स्क्रू सैल करून ती किंचित फिरवी आणि पुन्हा घट्ट करी. ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींत हेच काम डिस्ट्रिब्युटरमध्ये चाले. दर काही हजार किलोमीटरला ‘टायमिंग सेट करणे’ हा देखभालीचा नियमित भाग होता.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि त्याच वर्षी बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत चार स्ट्रोकच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली मराठवाड्याच्या गावोगाव पोहोचल्या आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन सर्वसाधारण झाले. पॉइंट गेले, त्यांच्याबरोबर स्क्रूही गेला. शब्द मात्र कारागिरांच्या तोंडी तसाच राहिला. आजही ‘टायमिंग सेट करून देतो’ असे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय सेट केले जाणार आहे, हे ग्राहकाने विचारले पाहिजे. कारण बहुतेक गाड्यांत सेट करण्यासारखे काही उरलेलेच नाही.

सीडीआय काय करतो?

रचना समजून घेतली की दोष शोधणे सोपे जाते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकावर मॅग्नेट, म्हणजे चुंबक बसवलेले फ्लायव्हील असते. ते फिरू लागले की आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ही वीज सीडीआयमधील कपॅसिटरमध्ये साठते, तेथे दाब काही शे व्होल्टपर्यंत चढतो. फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेवर एक उंचवटा असतो आणि त्याच्या समोर पिकअप कॉइल असते, हिलाच काही जण पल्सर कॉइल म्हणतात. उंचवटा कॉइलसमोरून गेला की विजेचा एक छोटा संकेत निघतो. तो मिळताच सीडीआय साठवलेली वीज एकदम इग्निशन कॉइलमध्ये सोडतो. तेथे दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढतो आणि प्लगवर ठिणगी पडते. वेगानुसार ठिणगी किती पुढे न्यायची, हेही सीडीआयच ठरवतो. काही गाड्यांत ही वीज थेट बॅटरीतून घेतली जाते. अशा गाडीत बॅटरी उतरली की ठिणगीही क्षीण होते.

या साखळीत झिजणारा भाग जवळजवळ नाही. उंचवटा फ्लायव्हीलला घट्ट, फ्लायव्हील क्रँकशाफ्टला घट्ट, पिकअप कॉइल इंजिनाच्या अंगाला घट्ट. म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे टायमिंग आपोआप ‘सरकत’ नाही. ते बिघडायचे असेल तर काहीतरी सैल झालेले असते, तुटलेले असते, तापून निकामी होत असते किंवा दुरुस्तीत चुकीचे बसवलेले असते. या चार शक्यता एकेक करून तपासणे, हेच निदान.

टायमिंग दोन प्रकारचे

येथे एक गोंधळ नेहमी होतो. इंजिनात टायमिंग दोन असतात. एक ठिणगीचे, दुसरे व्हॉल्व्हचे. हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, हे कॅमशाफ्ट ठरवते. कॅमशाफ्टला क्रँकशाफ्टशी जोडते ती टायमिंग चेन. ही चेन लांबली किंवा तिचा ताण देणारा टेन्शनर खराब झाला तर इंजिनाच्या एका बाजूने सतत कुरकुर ऐकू येते. फारच सैल झाली तर ती एखादा दाता ओलांडते.

एका दात्याने काय बिघडणार, असे वाटेल. समजा, कॅमच्या चक्राला २८ दाते आहेत. एक दाता म्हणजे कॅमचे जवळपास १३ अंश. कॅमच्या एका फेरीत क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या घेतो, म्हणून क्रँकशाफ्टच्या हिशेबाने तो फरक २६ अंशांच्या घरात जातो. व्हॉल्व्ह एवढे आधी किंवा एवढे उशिरा उघडू लागले तर इंजिन ओढणार कसे?

मोटारसायकलीत ठिणगीचा संकेत क्रँकशाफ्टवरून घेतला जातो. त्यामुळे चेनने दाता ओलांडला तरी ठिणगीचे टायमिंग बरोबरच राहते, बिघडते ते व्हॉल्व्हचे. सीडीआय कितीही वेळा बदलला तरी अशी गाडी सुधारत नाही. उलट डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या मोटारीत डिस्ट्रिब्युटर कॅमशी जोडलेला असेल, तर पट्टा किंवा चेन सरकल्यावर दोन्ही टायमिंग एकत्र बिघडतात. ‘टायमिंग गेले’ असे ऐकल्यावर ‘ठिणगीचे की चेनचे?’ हा पहिला प्रश्न विचारावा तो यासाठी. डिझेल जीप किंवा ट्रॅक्टरला तर ठिणगीच नसते. तेथे टायमिंग म्हणजे डिझेल केव्हा फवारले जाते, ती वेळ.

लक्षणे काय सांगतात?

ठिणगी गरजेपेक्षा आधी पडत असेल तर मिश्रण पिस्टन वर येत असतानाच जोरात पेटते आणि त्याला उलटे ढकलू पाहते. गाडी सुरू करताना किक उलटी मारते, पायाला झटका बसतो. चढावर, मोठ्या गिअरमध्ये, ओझे असताना इंजिनातून धातूवर खडे टाकल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिन तापते. हे दीर्घकाळ चालले तर पिस्टनचा माथा जळतो, प्रसंगी त्याला भोक पडते.

ठिणगी उशिरा पडत असेल तर आवाज येत नाही, पण गाडी मंदावते. ॲव्हरेज घटते. पेट्रोल सिलिंडरऐवजी बाहेर पडता पडता जळते, त्यामुळे सायलेन्सरची वाकलेली नळी खूप तापून तिचा रंग निळसर होतो. सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखे आवाज येतात. ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही, अशी स्थिती असेल तर कारागीर त्याला ‘मिसिंग’ म्हणतात.

परंतु लक्षण म्हणजे निदान नव्हे. नॉकिंग कमी प्रतीच्या किंवा भेसळीच्या पेट्रोलनेही होते. रस्त्याकडेला बाटलीतून मिळणारे पेट्रोल किती दिवसांचे आणि कसे, हे कोणालाच ठाऊक नसते. सिलिंडरमध्ये कार्बन साठला, मिश्रणात पेट्रोल कमी पडले, चुकीच्या नंबरचा प्लग बसवला किंवा तिघांना घेऊन चौथ्या गिअरमध्ये घाट चढवला, तरी टायमिंग बिनचूक असताना नॉकिंग होऊ शकते. ओढ कमी होण्यामागे घसरणारा क्लच, धुळीने भरलेला एअर फिल्टर, चिकटलेले ब्रेक यांपैकी काहीही असू शकते. रस्त्यांची कामे वर्षानुवर्षे चालू असलेल्या भागात फिल्टरचा संशय तर सर्वांत आधी घ्यावा.

स्वस्तापासून सुरुवात

चांगला कारागीर तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करतो. प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. काळी कोरडी काजळी जास्त पेट्रोल किंवा क्षीण ठिणगी दाखवते, पांढुरका रंग जास्त उष्णता दाखवतो. प्लगचे अंतर पुस्तिकेनुसार आहे का, प्लगची टोपी सैल आहे का, वायरला चीर गेली आहे का, हे पाहावे. त्यानंतर टॅपेटचे अंतर थंड इंजिनावर मोजावे. मग सीडीआय, पिकअप कॉइल आणि अर्थिंगचे सांधे सोडवून, पुसून पुन्हा बसवावेत. पावसाचे पाणी, धूळ आणि हिरवा गंज यांमुळे झालेला बिघाड नुसत्या साफसफाईने दूर झाल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये मिळतील. पूर्वी कोणी वायर कापून जोडली असेल तर पिकअप कॉइलच्या दोन वायरी उलटसुलट तर झाल्या नाहीत ना, हेही पाहावे. तसे झाले असेल तर संकेत चुकीच्या क्षणी पोहोचतो आणि टायमिंग खरोखरच बिघडते.

येथे एक धोक्याची सूचना. चालू इंजिनाच्या प्लगची टोपी ओढून वायर हवेत धरायची आणि करंट पाहायचा, ही पॉइंटच्या काळातील सवय आता सोडली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका जबर असतो. शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो ताण कॉइल आणि सीडीआयवर येतो आणि चांगला भाग निकामी होतो. ठिणगी पाहायचीच असेल तर दुसरा प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवावा आणि आसपास सांडलेले पेट्रोल नाही याची खात्री करावी.

टायमिंग लाइटची साक्ष

एवढे करूनही संशय उरला तर टायमिंग लाइट वापरावा. हे उपकरण महागडे नाही, तरीही कित्येक गॅरेजमध्ये ते नसते किंवा असले तरी कपाटातच राहते. त्याचा चिमटा प्लगच्या वायरवर लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर दिव्याचा एक लखलखाट होतो. तो फिरत्या फ्लायव्हीलवर पाडला की फ्लायव्हील स्थिर असल्याचा भास होतो आणि ठिणगीच्या क्षणी ते नेमके कोठे होते, ते दिसते.

अनेक मोटारसायकलींच्या मॅग्नेट कव्हरवर एक लहान झाकण असते. ते काढले की फ्लायव्हीलवरील खुणा दिसतात. होंडा पद्धतीच्या इंजिनांत ‘टी’ ही रोमन अक्षरातील खूण पिस्टन सर्वांत वर असल्याची आणि ‘एफ’ ही संथ वेगाला ठिणगी पडण्याची असते. इंजिन गरम करावे, संथ वेग पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि दिवा पाडून पाहावे. मग चार शक्यता समोर येतात.

पहिली शक्यता अशी की ‘एफ’ची रेघ कव्हरवरील खाचेसमोर स्थिर आहे आणि ॲक्सिलरेटर दिला की खुणा पुढे सरकतात. याचा अर्थ ठिणगीचे टायमिंग निर्दोष आहे. सीडीआय बदलू नये. दोष कार्ब्युरेटर, टॅपेट, चेन, कॉम्प्रेशन किंवा क्लच यांत शोधावा.

दुसरी शक्यता म्हणजे संथ वेगाला रेघ बरोबर आहे, परंतु वेग वाढवला तरी ती जागची हलत नाही किंवा भलतीकडे जाते. आता सीडीआयवर संशय घेण्यास आधार मिळाला. तशाच मॉडेलचा, खात्रीचा सीडीआय तात्पुरता लावून पाहावा आणि दिव्याने पुन्हा तपासावे. मिळतीजुळती पिन आहे म्हणून दुसऱ्या मॉडेलचा सीडीआय लावू नये. गाडी चालू होते, पण ठिणगी पुढे नेण्याचे त्याचे गणित वेगळे असते.

तिसरी शक्यता अशी की रेघ स्थिर आहे, पण सर्व वेगांना सारख्याच अंशांनी चुकलेली आहे. येथे दोष यांत्रिक असतो. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी लोखंडी चावी असते. मॅग्नेटचा नट नीट आवळला गेला नसेल तर ती चावी चेपते किंवा कापली जाते आणि फ्लायव्हील शाफ्टवर काही अंश फिरते. मग किक उलटी मारते, फटाके फुटतात, गाडी ओढत नाही. मात्र येथे एक मेख आहे. खुणा फ्लायव्हीलवरच कोरलेल्या असल्यामुळे चावी कापली तरी दिव्याखाली सारे बरोबर दिसू शकते, कारण खूण आणि उंचवटा एकत्रच सरकलेले असतात. म्हणून इंजिन बंद ठेवून, प्लग काढून पिस्टन खरोखर सर्वांत वर आणावा आणि तेव्हा ‘टी’ची रेघ खाचेसमोर येते का, ते पाहावे. येत नसेल तर चावी गेली. चावीची किंमत किरकोळ असते, पण हे न तपासता लोक सीडीआय, कॉइल, अगदी कार्ब्युरेटरही बदलतात.

चौथी शक्यता म्हणजे रेघ थरथरते, दोन-दोन दिसते किंवा मधूनच नाहीशी होते. संकेत क्षीण किंवा अनियमित असल्याचे हे चिन्ह. पिकअप कॉइलचे स्क्रू सैल असतील, तिच्या आणि उंचवट्याच्या मधले अंतर वाढले असेल, तेथे लोखंडाचा कीस साठला असेल किंवा क्रँकशाफ्टचे बेअरिंग झिजून फ्लायव्हीलच डुलत असेल.

घाटात बंद पडणारी गाडी

आता सुरुवातीच्या गाडीकडे वळू. गरम झाली की बंद पडणारी आणि गार झाली की सुरू होणारी गाडी थंड अवस्थेत तपासून काहीच हाती लागत नाही. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती शहाण्यासारखी वागू लागलेली असते. अशा वेळी गाडी बंद पडते त्या क्षणीच तपासणी झाली पाहिजे. ठिणगी आहे का, हे लगेच पाहावे. ठिणगी चांगली असेल तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असण्याचीही शक्यता असते. झाकण उघडून किक मारल्यावर गाडी सुरू झाली तर कारण सापडले. ठिणगी नसेल तर मल्टिमीटरने पिकअप कॉइलचा रोध गरम असतानाच मोजावा आणि गार झाल्यावर पुन्हा मोजावा. धातू तापला की रोध थोडा वाढणारच. परंतु गरम असताना कॉइल पूर्ण तुटल्याचे मीटर दाखवत असेल आणि गार झाल्यावर आकडा पुस्तिकेप्रमाणे येत असेल, तर आतली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून सांधा सोडत आहे. हीच पद्धत इग्निशन कॉइल आणि वीज पुरवणाऱ्या कॉइललाही लागू पडते. या तिन्ही कॉइल निर्दोष ठरल्यावरच सीडीआयचा क्रम लागतो.

नव्या गाड्यांचा प्रश्न

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे प्रदूषणविषयक नियम लागू झाले आणि पेट्रोलवरच्या नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा जवळपास सर्वत्र इंजेक्शनने घेतली. पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे दोन्ही निर्णय आता एकच संगणक, म्हणजे ईसीयू, घेतो. क्रँकशाफ्टची स्थिती, थ्रॉटल, इंजिनाचे तापमान, आत येणाऱ्या हवेचा दाब यांची माहिती देणारे सेन्सर त्याला जोडलेले असतात. मोटारींत नॉकिंग ऐकणारा सेन्सरही असतो. खडखड सुरू होताच ईसीयू ठिणगी थोडी मागे घेतो. म्हणजे अशा गाडीत ठिणगी मागे पडलेली दिसली तर तो दोष नसून संगणकाने घेतलेली खबरदारी असू शकते. मोटारीत टायमिंग लाइट लावण्यापूर्वी, पुस्तिकेत सांगितले असल्यास, ईसीयूला तपासणीच्या स्थितीत न्यावे लागते, अन्यथा रेघ मागे-पुढे होतच राहते.

डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडून कोड वाचावा. मोटारींत पी ०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पी ०३२५ नॉक सेन्सरच्या सर्किटकडे, तर पी ००१६ हा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ जुळत नसल्याचे सांगतो. शेवटच्या कोडमागे बहुधा लांबलेली चेन किंवा सरकलेला पट्टा असतो. येथेही कोड म्हणजे बदलायच्या सुट्या भागाचे नाव नव्हे. उंदराने कुरतडलेली वायर आणि निकामी सेन्सर हे दोघेही एकच कोड देऊ शकतात.

पेट्रोलही बदलले आहे. आता देशभर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ज्या उसाच्या तोडणीसाठी बीडचे मजूर घर सोडतात, त्याच उसापासून यातील बरेचसे इथेनॉल तयार होते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असल्याने नॉकिंगला ते विरोध करते. परंतु त्यात स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमधून जाणारे मिश्रण पातळ पडते. गाडी थंडीत उशिरा सुरू होणे, ॲक्सिलरेटर देताना अडखळणे, सायलेन्सरमध्ये फुटणे ही लक्षणे त्यामुळेही दिसतात. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल ते शोषून घेते आणि पाणी जास्त झाल्यास खाली वेगळा थर साचतो. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, तर टायमिंगला दोष देण्यापूर्वी टाकीतील थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे.

ग्राहकाने काय विचारावे?

दोष कारागिराचाच असतो असे नाही. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या रस्त्यांवर बसलेले अनेक कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकले आहेत. आवाजावरून टॅपेट ओळखणारे त्यांचे कान कोणत्याही यंत्राला हार जाणार नाहीत. पण त्यांनी शिकलेले इंजिन डोळ्यांना दिसत असे. हे नवे इंजिन मोजूनच कळते. टायमिंग लाइट, मल्टिमीटर आणि त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका या तीन गोष्टी ज्या गॅरेजमध्ये आहेत, तेथे अंदाजाने सुटे भाग बदलण्याची वेळ क्वचितच येते. ग्राहकानेही भाग बदलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ठिणगीचे टायमिंग दिव्याने पाहिले का? कॉइलचा रोध गरम असताना मोजला का? बदलणार असलेला भाग खराब आहे, हे कशावरून ठरवले? काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. दोष दुसरीकडे निघाला तर तोच भाग पुन्हा उपयोगी पडतो.

गाडी केव्हा बंद पडते, चढावर की सपाटीला, गरम असताना की थंड असताना, पावसानंतर की पेट्रोल भरल्यानंतर, हे चालवणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. गॅरेजमध्ये जाताना ते एका कागदावर लिहून न्यावे. ‘टायमिंग बघा’ असे सांगण्यापेक्षा ‘अर्ध्या तासाने, घाटात, गरम झाल्यावर बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी सुरू होते’ असे सांगितले, तर निम्मे निदान तेथेच झालेले असते. दिवाळीनंतर कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या मोटारसायकलीची ही तपासणी दिवाळीपूर्वीच, गावातल्या ओळखीच्या कारागिराकडे करून घेतली, तर परमुलखात उसाच्या फडाजवळ गाडी बंद पडून खाडा होण्याची वेळ टळू शकेल.